डावीकडे न फिरणारं बटण

नाटकांची परीक्षणं लिहिणारे पुष्कळ आहेत, पुस्तकांची लिहिणारे त्याहून पुष्कळ आहेत (त्यांतले काही पुस्तक वाचतातही), आणि अलीकडे मिसळीची परीक्षणं लिहिणारेही निघाले आहेत. पण आवाज कमी-जास्त करायच्या बटणाचं परीक्षण कोणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. वास्तविक ज्याच्याशी आपली दिवसातून दहा वेळा गाठ पडते आणि तरी ज्याच्याबद्दल आपण चांगला शब्द कधी काढत नाही, अशी वस्तू बायकोखालोखाल हीच. ही उणीव भरून काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं कोणी विचारील. त्याला माझं उत्तर एवढंच, की गेले दोन महिने आमच्या ढोकीच्या घरात या एका विषयाखेरीज दुसरा विषय नव्हता. समीक्षकाला यापेक्षा जास्त तयारी लागते असं मला वाटत नाही.

बटण फक्त उजवीकडे फिरतं, अशी लहानपणी माझी ठाम समजूत होती. गावात सप्ताह बसला की देवळावर कर्णे चढायचे. खाली पोत्यावर मशीन मांडलेलं असायचं. जुनं, काचेच्या व्हॉल्व्हचं. मागून तांबूस उजेड पडायचा आणि थंडीच्या दिवसांत त्यावर हात शेकता यायचे, म्हणून आम्ही पोरं कीर्तनाला पुढे न बसता मशीनमागे बसायचो. शेजारी मशीनवाला. बुवांनी मान हलवली, की त्यानं बटण उजवीकडे फिरवलं. टाळकऱ्यांनी डोळे वटारले, की उजवीकडे. कर्ण्यानं शिट्टी मारली, तर माईकवर दोन फुंकरी आणि पुन्हा उजवीकडे. बटण डावीकडेही फिरू शकतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते घरी, वडिलांच्या रेडिओवर. आणि ते फिरवलं होतं आईनं.

गावात बटणच नसलेला आवाज एक होता, तो म्हणजे तेरणा साखर कारखान्याचा भोंगा. तो वाजला की पूर्ण वाजायचा. पुढे कारखाना बरीच वर्षं बंद पडला, तसा भोंगाही गप्प झाला. त्या शांततेबद्दल गावात कोणी समाधान व्यक्त केल्याचं मला आठवत नाही. ही गोष्ट आताच सांगून ठेवतो. पुढे लागेल.

तर गेल्या पावसाळ्याच्या शेवटी आमचा भाचा पुण्याहून आला. हल्लीच्या मुलांना कचेरी पाठीवरच्या पिशवीतून कुठेही नेता येते, त्यामुळे तो चांगला दोन महिने राहायच्या तयारीनं आला होता. दुसऱ्या खांद्याला गिटार होती आणि हातात एक जड खोका.

“ह्यात काय हाय रे?” आईनं विचारलं.

“पेटी आहे आजी.”

आई पंच्याऐंशीची आहे. तिच्या शब्दकोशात पेटीचे दोनच अर्थ, एक कपड्यांची आणि एक वाजवायची. “पेटी आनलीस व्हय? झाक केलंस. एकादशीला भजनाला व्हईल,” ती म्हणाली. भाच्यानं खोका उघडला. आत भाता नव्हता, सूर नव्हते. एक स्पीकर, पाच-सहा बटणं आणि मागच्या जाळीत काचेचे व्हॉल्व्ह! जगातून व्हॉल्व्ह जाऊन जमाना झाला, असं मी समजत होतो. भाचा म्हणाला, “मामा, गिटारवाले अजून यावरच जीव टाकतात.” मग त्यानं माळ्यावरचा वडिलांचा रेडिओ खाली काढला, मागचा पुठ्ठा सोडवला आणि आतल्या एका व्हॉल्व्हवरची धूळ पुसून मला नंबर वाचायला लावला. ईएल ८४. पेटीत डोकावलो, तिथेही ईएल ८४, एकाऐवजी दोन. रेडिओतला व्हॉल्व्ह बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा निघाला. तिथे १९६१ पासून हे व्हॉल्व्ह तयार होत आणि त्यांतले न वापरलेले शिल्लक नग आज परदेशातले गिटारवाले शोधून शोधून घेतात म्हणे. ज्या वस्तूवर आमच्याकडे तीस वर्षं उंदीर फिरले, तिला बाहेर एवढी किंमत आहे हे ऐकून मी रेडिओ पुन्हा माळ्यावर न ठेवता कपाटात ठेवला.

“किती ताकदीची आहे ही पेटी?” मी विचारलं.

“अगदी लहान, मामा. फक्त १५ वॅट.”

आमच्या न्हाणीघरातला जुना दिवा ४० वॅटचा होता आणि त्याच्या उजेडात साबण सापडत नसे. म्हणून १५ वॅट ऐकून मी निर्धास्त होतो. भाच्यानं तार जोडली, व्हॉल्व्ह तापू दिले, बटण तीनवर आणलं आणि सर्वांत जाड तार एकदाच छेडली.

आधी छताचे पत्रे बोलले. मग फळीवरचे डबे. मग मांडणीवरची ताटं एकमेकांवर वाजली. मी हसत मागे वळलो, तर आई जागेवर नव्हती. ती अंगणात उभी होती, अनवाणी, भिंतीपासून लांब, आणि आम्हाला हात करून बाहेर बोलावत होती.

भाच्याचा जन्म २००० नंतरचा. त्याला काही कळेना. मला कळलं.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, ढोल-ताशे ठेवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी पहिल्यांदा वाजली ती भांडी, आणि मग भिंती. आमची एक भिंत वरपासून खालपर्यंत चिरली, तेवढ्यावर आमचं निभावलं. तिकडे किल्लारी, सास्तूर या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि माथ्यावरची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं उठलीच नाहीत. आईची मावसबहीण त्यांतच गेली. नंतर आम्ही माळवदाची माती उतरवली आणि पत्रे घातले. तेच हे पत्रे. आणि त्या दिवसापासून आजतागायत आई उशाशी पाण्याचा तांब्या ठेवते आणि त्यावर फुलपात्र पालथं घालते. झाकण म्हणून नव्हे. जमीन हलली तर फुलपात्र खडखडेल आणि आपल्याला जाग येईल, म्हणून.

मी भाच्याला हे सगळं सांगितलं. पोरगं समंजस आहे. त्यानं पेटी बंद केली, तार गुंडाळली आणि आजीच्या पायाशी जाऊन बसला. “नाही वाजवणार आजी.” त्यावर आई जे बोलली ते मी शब्दशः देतो, कारण पुढच्या सगळ्या परीक्षणाची कसोटी तीच आहे. ती म्हणाली, “वाजव की लेकरा. नगं कशापायी? तुजं तू वाजव, पर माजी भांडी नगं वाजवू.”

एवढं साधं काम. बटण डावीकडे फिरवायचं आणि मोकळं व्हायचं. मीही तेच म्हणालो. त्यावर भाच्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटले, ते मी यापूर्वी फक्त कवितेचं एक कडवं कमी करा असं सांगितलेल्या कवींच्या चेहऱ्यावर पाहिले आहेत.

“मामा, आवाज कमी केला की टोन जातो.”

टोन म्हणजे काय, हे त्यानं मला तासभर समजावलं. मी ते माझ्या भाषेत सांगतो. शाहीर पोवाडा म्हणतो तेव्हा वरच्या पट्टीत त्याचा आवाज किंचित फाटतो. त्या फाटण्यातच पोवाड्याचा जोर आहे. व्हॉल्व्हचं तसंच आहे. त्याला झेपेल त्याच्या काठापर्यंत नेलं की तो एकदम मोडत नाही, हळूहळू दाटतो, खरवडतो, मूळ सुरात आपले चार सूर मिसळतो. रेडिओच्या दृष्टीनं हा बिघाड, गिटारवाल्याच्या दृष्टीनं हाच प्रसाद. या प्रसादासाठी माणसांनी काय काय केलं आहे! द किंक्स या इंग्रज वाद्यवृंदातल्या डेव्ह डेव्हिसनं १९६४ साली आवाज फाटावा म्हणून स्पीकरचा कागदच ब्लेडनं कापला. (हे ऐकून आई म्हणाली, “त्येच्या आईनं काई म्हटलं न्हाई का?”) म्हणजे अडचण अशी, की चांगला आवाज मोठ्या आवाजातच मिळतो. शाहिराला बोलवायचं, डफावर थाप पडायची, आणि मग सांगायचं, बुवा, पोवाडा म्हणा, अगदी रक्त उसळेल असा म्हणा, पण शेजारी बाळ झोपलंय.

यावर जगभरच्या लोकांनी जे उपाय काढले, त्यांतले बहुतेक आमच्या माजघरात होऊन गेले. प्रत्येकाचं परीक्षण आता देतो.

पहिला उपाय पेटीवरचं मुख्य बटण. त्यावर एक ते दहा आकडे आहेत आणि त्यांतले आठ निव्वळ शोभेचे आहेत. एकवर कुजबुज, दोनवर वरात. तीन ते दहापर्यंत तीच वरात, फक्त अधिकाधिक प्यालेली. कारण व्हॉल्व्हची ताकद संपल्यावर आवाज मोठा होत नाही, नुसता दाट होत जातो. एक आणि दोनच्या मधे कुठे तरी घरगुती आवाज असतो, पण तो शोधायला सोनाराचा हात हवा. शिवाय तिथे शाहीर बसून बोलायला लागतो. स्वच्छ बोलतो, पण पोवाडा संपलेला असतो. सुरुवात आणि शेवट चांगला, मधला भागच नाही, असं हे नाटक आहे.

दुसरा उपाय गिटारवरचंच बटण. पैसे पडत नाहीत आणि जागेवरून उठावं लागत नाही, म्हणून मला आवडला. इथे आवाज मुळातच कमी होतो, म्हणजे शाहिराला पेटीसमोर येण्याआधीच शांत केलं जातं. भाचा म्हणतो, जाणती माणसं पेटी तापलेली ठेवतात आणि या एका बटणावर सौम्य-तिखट करतात. खरं आहे, पण सौम्य हवं तेव्हा. त्याला तिखट हवं होतं, आणि तेही हळू.

तिसरा उपाय दोन बटणांचा. बाहेरचा बिघाड आत आणायचा, ही त्यातली युक्ती. पेटीत पुढे लहान व्हॉल्व्ह असतात आणि मागे मोठे. पुढच्या लहानांना पुरतं पिळायचं, त्यांच्याकडून फाटलेला आवाज काढून घ्यायचा, आणि मागच्या मोठ्यांकडे तो चिमूटभर पाठवायचा. या दुसऱ्या बटणाला मास्टर व्हॉल्यूम म्हणतात. मार्शल ही लंडनकडची प्रसिद्ध पेटी. तिच्यावर हे बटण १९७५ साली आलं आणि पुष्कळांचे शेजारी वाचले. आमच्या पेटीतही ते आहे. ऐकायला वाईट नाही. पण शाहिराऐवजी त्याची नक्कल करणारा गॅदरिंगमधला पोरगा ऐकावा, तसं वाटतं. हातवारे सगळे बरोबर, गळ्यात मात्र माशी. मागचे मोठे व्हॉल्व्ह कामच करत नाहीत, सतरंजीवर बसून राहतात. उपाय सोयीचा, पण रंगत बेताची.

चौथा उपाय ताकदच कमी करण्याचा, म्हणजे मोठ्या वॅटची पेटी टाकून लहान घ्यायची. इथे मात्र आपल्या शाळेतल्या गणिताचा पाडाव होतो. १०० वॅटच्या जागी ५० वॅट केले की आवाज निम्मा होईल, असं मला वाटत होतं. तो फक्त ३ डेसिबल उतरतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. कानाला निम्मा वाटायला वॅट दहावा हिस्सा करावे लागतात. आपला कान मोठा हिशेबी आहे. वाढलेलं फारसं मोजत नाही आणि कमी केलेलंही मान्य करत नाही. (सरकारी भत्त्याच्या बाबतीत आपण नेमके उलटे वागतो.) म्हणून आमची १५ वॅटची ‘अगदी लहान’ पेटी म्हणजे १०० वॅटच्या पेटीच्या निम्म्याहून मोठीच. शिवाय गिटारचे स्पीकर भलते आज्ञाधारक असतात. त्यांना १ वॅट दिला तरी मीटरभर अंतरावर ते ९७ ते १०० डेसिबल देतात. आणि २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची. म्हणजे एकाच वॅटमध्ये आमचं घर कायद्याच्या पार पलीकडे पोचलेलं. न्हाणीघरातल्या दिव्याची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. तो बिचारा ४० वॅट खाऊन गप्प होता.

पाचवा उपाय विजेचा दाब उतरवण्याचा. एडी व्हॅन हेलन हा अमेरिकेतला नामांकित गिटारवादक. तो व्हेरिअॅक नावाचं यंत्र लावून आपल्या पेटीला मुद्दाम कमी दाबाची वीज द्यायचा. त्यामुळे व्हॉल्व्ह लवकर दाटतात आणि आवाज थोडा खाली येतो. भाच्यानं हे मोठ्या आदरानं सांगितलं. मी म्हणालो, “त्यासाठी यंत्र कशाला? संध्याकाळी सातला वाजव.” त्या वेळी शिवारातले पंप सुरू होतात आणि घरातला पंखा पाती मोजता येतील इतका सावकाश फिरतो. खरोखरच सातला पेटी निराळी वाजली, अधिक मऊ, झोपाळू. भाचा खूश झाला आणि लगेच घाबरला, कारण सगळाच दाब असा हेलकावू लागला तर व्हॉल्व्ह नीट तापत नाहीत आणि लवकर झिजतात. समजून केलेल्या पेट्यांत व्हॉल्व्हची ऊब कायम ठेवून फक्त आतला मोठा दाब उतरवण्याची सोय असते. थोडक्यात, कल्पना उत्तम, पण आमच्याकडचा प्रयोग हौशी.

इथे माझी स्वतःची एक सूचना होती आणि समीक्षकानं प्रामाणिक असावं म्हणून ती सांगतो. एका रात्री साडेनवाला मी म्हणालो, “एवढं कशाला? स्पीकरची वायर काढून टाक. गिटार वाजतेय असं तुझं तुला वाटेल आणि आम्हाला झोप लागेल.” आणि मी खरोखर वायरीला हात घातला. भाचा असा काही झेपावला, की मला वाटलं साप निघाला. व्हॉल्व्हची पेटी स्पीकरशिवाय चालवायची नाही, हा यातला पहिला नियम. मोट ओढताना नाडा मधेच तुटला तर बैल तोंडघशी पडतात, तसं आहे ते. ओढायला ओझं नसलं की आतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये नको तेवढा दाब उसळतो आणि तो जळतो. एवढी मोठी पेटी आणि तिला आपला त्रास ऐकायला कोणी नसलं की ती स्वतःलाच जाळून घेते! हे ऐकल्यापासून काही वक्त्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली आहे.

मग सहावा उपाय टपालानं आला. ओंजळीत मावेल एवढी लोखंडी डबी. नाव अॅटेन्युएटर. ही पेटी आणि स्पीकर यांच्या मधे बसते. पेटीला वाटतं आपण पूर्ण ओझं ओढतोय. शाहीर छाती फोडून गातोय. पण डबी त्यातलं बहुतेक गिळते आणि स्पीकरला घासभर देते. २० डेसिबल उतरवले, की १५ वॅटमधले ०.१५ वॅट स्पीकरला आणि बाकी सगळ्याची ऊब. कानाला आवाज चौथाई वाटतो. बोस्टन या अमेरिकन वाद्यवृंदाचा टॉम शोल्झ हा मूळचा इंजिनिअर. त्यानं १९८० च्या सुमारास अशी एक डबी ‘पॉवर सोक’ या नावानं बाजारात आणली होती. डबी पेटीच्या मापाचीच घ्यावी लागते, ८ ओहमला ८ ओहम आणि पेलवेल तेवढे वॅट, नाही तर बैलांचं पुन्हा तेच. आमच्याकडे डबीला पहिली पसंती मांजरीनं दिली. दुसऱ्या दिवसापासून ती तिच्यावरच झोपायला लागली.

आवाज खरोखरच हळू झाला आणि फाटकाही राहिला. मी टाळ्या वाजवल्या. भाचा मात्र डोकं हलवत राहिला. म्हणाला, “थोडा पातळ वाटतो.” यात पेटीचा दोष नव्हता, आमच्या कानांचा होता. आवाज हळू झाला की माणसाच्या कानातून खर्ज आधी गळतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी हे १९३३ सालीच मोजून ठेवलं आहे. म्हणजे हळू आवाजात ताक पातळच लागणार, ताकात काही कमी नसलं तरी. भाच्यानं टोनचं बटण थोडं हलवून खर्ज किंचित वाढवला आणि लगेच माजघरातून एक बारीक खडखड ऐकू आली. फळीवरचा पोह्यांचा डबा!

इथे आम्हाला शहाणपण आलं. भांडी वाजत होती ती आवाज हवेतून जाऊन नव्हे. पेटी फरशीवर होती. खर्जाचा हादरा फरशीतून भिंतीत, भिंतीतून फळीत असा पायी चालत जात होता. सर्वांत जाड तारेची कंपनं सेकंदाला साधारण ८२, आणि आमच्या पत्र्यांना नेमकी त्याच्या आसपासची ओढ. बटणं फिरवून इतके दिवस आम्ही पेटीशी भांडत होतो. भांडण जमिनीशी होतं. आई पहिल्या दिवशी जमिनीकडे पाहूनच बाहेर पळाली होती. तिला ते आमच्याआधी कळलं होतं.

सातवा उपाय आमच्या गावचा. आधी भाच्यानं स्पीकर ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत ठेवून पाहिला. कोठी अर्धी रिकामी होती. ती देवळातल्या घंटेसारखी वाजली आणि हा प्रयोग पहिल्या अंकातच पडला. मग आईनं सुचवलं, “पोती लावा की बाजूनं.” तिन्ही बाजूंनी ज्वारीची पोती लावली, पेटीखाली जुन्या गादीची चौघडी घातली. पेटी गादीवर बसली आणि जमिनीचा संबंध तुटला. पेटीच्या मागची जाळी आणि डबी मोकळी ठेवली, कारण व्हॉल्व्हला गोधडी पांघरली तर तो झोपत नाही, पेटतो. ज्वारीच्या पोत्यासारखं आवाज पिणारं दुसरं काही मी पाहिलं नाही. इतकी वर्षं आपण त्याची नुसती भाकरी करत आलो.

मग शेवटची परीक्षा. ती आईच्या खोलीत झाली. तांब्यावर फुलपात्र पालथं घातलं. आई खाटेवर, मी दारात, भाचा पलीकडे. तो डबीचं बटण एकेक घर चढवत जाई आणि जाड तार छेडी. दुसऱ्या घराला काही नाही. तिसऱ्याला काही नाही. चौथ्याला फुलपात्रानं अगदी हलकं, कुणीतरी नखानं टिचकी मारावी तसं, केलं. आईनं हात वर केला. ती उठली, पलीकडे गेली, आणि डबीच्या बटणाशी तिसऱ्या घरावर कुंकवाचं बोट लावलं.

“हितवर,” ती म्हणाली.

मी डेसिबल मोजायची यंत्रं पाहिली आहेत. त्यांना ५५ आणि ४५ कळतात. आवाज ऐकणाऱ्या माणसावर कुठली रात्र येऊन गेली आहे, ते कळत नाही. आमच्या घरात ते तांब्या-फुलपात्राला कळतं.

एवढ्या उपायांनंतर निकाल द्यायचा तर असा. बटण हे आवाज मारायचं साधन आहे, असं ज्याला वाटतं त्याच्या हाती बटण देऊ नये. आणि आवाज म्हणजे फक्त वाढवायची गोष्ट आहे, असं ज्याला वाटतं त्याच्या हाती तर मुळीच देऊ नये. आमचा जुना मशीनवाला दुसऱ्या प्रकारातला होता. पहिल्या दिवशी वायरीला हात घालणारा मी पहिल्या प्रकारातला. चांगला उपाय तो, ज्यात शाहीर पूर्ण छातीनं गातो आणि बाळही झोपतं. तो एका बटणात नसतो. थोडा गिटारवर, थोडा डबीत, थोडा गादीत, थोडा ज्वारीत, आणि बराचसा भिंतीपलीकडे कोण झोपलं आहे हे ठाऊक असण्यात असतो.

दोन महिन्यांनी भाचा गेला. गिटार गेली, पेटी गेली, डबी गेली. मांजर दोन दिवस कोपऱ्यात तीच जागा हुंगत फिरली. पोती पुन्हा भिंतीला लागली. तिसऱ्या रात्री मी दिवा घालवायला आईच्या खोलीत गेलो. तांब्या होता, फुलपात्र होतं. आई जागी होती.

“काय गं, झोप येईना?”

“लई गप वाटतंय रे,” ती म्हणाली.

भोंगा बंद झाला तेव्हाही तिचे शब्द हेच होते.

मी बाहेर आलो आणि टीव्ही लावला. कुठलंसं भजन चाललं होतं. आवाज वाढवला. आतून आईचा हात खाटेवर दोनदा आपटल्याचं ऐकू आलं, तेव्हा थोडा कमी केला. मग एक घर आणखी. मग फुलपात्राला कान देऊन मी तिथेच थांबलो.